निम्मी निम्मी इंजेक्शनं

कासारवाडीच्या सोजराबाईला आमच्या आळीनं कधी सुखानं आई होऊ दिलं नाही. तिच्या नवऱ्याची, मारुतरावांची, पहिली बायको रंभाला तान्ही ठेवून गेली. मागून सोजराबाई आली आणि तिला दुर्गा झाली. तेव्हापासून बायकांचे डोळे तिच्या चुलीकडे. रंभाला भाकरी केवढी, दुर्गाला केवढी? सोजराबाईही हट्टाची. गुळाचा खडा असला तरी चार बायकांदेखत मधोमध फोडायची.

छप्पन साली रंभाच्या पाठीवर गळू झालं आणि त्याचं विष रक्तात भिनलं. पिंपरीत नुकतंच पेनिसिलिन बनायला लागलं होतं. डॉक्टरांनी रंभाला दहा दिवसांची दहा इंजेक्शनं लिहून दिली. कंपाउंडर घरी येऊन टोचायचा. तेवढ्यात दुर्गाच्या मांडीवरही गळू आलं. ताप नाही, काही नाही. तरी सोजराबाई कंपाउंडरला म्हणाली, "दोघींना निम्मं निम्मं टोचा. माझ्या घरात वाटणी सारखीच असती." त्या शहाण्यानंही ऐकलं!

तिसऱ्या दिवशी रंभाचा ताप उतरला. आळीनं सोजराबाईचं तोंडभरून कौतुक केलं. आठव्या दिवशी ताप पुन्हा चढला. डॉक्टर धावत आले, त्यांना वाटणीचं कळलं, त्यांनी दुप्पट औषध टोचलं, पण गुण येईना.

"सगळे जंतू सारखे नसतात, बाई," डॉक्टर म्हणाले. "थोड्या औषधानं दुबळे मेले. मुळातच चिवट होते ते तगले. आता अंगात आहे ती सगळी त्यांचीच पिलावळ."

सोजराबाई जन्माची शेतकरीण. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "म्हंजी निवडून निवडून दणकट बियाणं मीच राखलं," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान खाली घातली.

रंभा गेली. दुर्गाचं गळू आपोआप फुटून बरं झालं. मग आळीनं तोंड सोडलं. सावत्र ती सावत्रच, पोटची तेवढी वाचवली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडायला उठले, तर सोजराबाईनं माझा हात धरला.

"भांडू नगंस. तवा वाटलं, न्यायानं वाटतीया. पर दुर्गीचं गळू बघून माझा जीव उडाला व्हता, त्ये कुनाला सांगू? दवा दुर्गीची असती आन् नुसतं गळू रंभीला असतं, तर निम्मी दिली असती का गं मी?"

मी तिच्याशेजारी बसून रडले तेवढी.