शिट्टी मीच आणली होती

आमचं कुत्रं सोसायटीच्या सुरुंगानं बहिरं झालं. हे वाक्य मी त्याच आठवड्यात कागदावर लिहिलं होतं, खाली मागण्याही लिहिल्या होत्या. छापायला द्यायच्या आत वडिलांनी तो कागद चुलीत घातला. आता पुन्हा लिहायला बसलोय, तर तेव्हा जे टाळलं होतं ते आधी लिहितो.

आमचं गाव चौसाळ्याजवळ, हायवे सोडून आत. घरी मेंढरं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. सरकारी चारा-छावणी उघडली ती गाई-बैलांसाठी, मेंढरांना तिथं दावण नव्हती. त्यावर आम्ही पत्रक काढलं, तहसीलसमोर बसलो, निवेदनाची पोच घेतली. मेंढरांनी पोच खाल्ली असती तर प्रश्न मिटला असता.

गावात पाणीवाटपाची सहकारी सोसायटी आहे. तिची सामाईक विहीर आटली, तशी संचालक मंडळानं ती खोल करायला काढली. कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर आला. सकाळभर खडकात भोकं पाडायची अन् दुपारी बार उडवायचा. कधी उडवायचा ते चेअरमनच्या मर्जीवर. एकदा धोंडा उडून एका म्हातारीच्या पत्र्यावर पडला. म्हातारी अंगणात होती म्हणून वाचली. आम्ही तिघा-चौघांनी लगेच पत्रक काढलं: बार उडवायच्या आधी लाल निशाण लावा, शिट्टी वाजवा, रस्ता अडवा.

चेअरमननी बसल्या जागी मान्य केलं. या माणसानं आमची एकही मागणी कधी मान्य केली नव्हती, त्यामुळे मला तेव्हाच संशय यायला हवा होता. सोसायटीच्या ओट्यावर चारचौघांत ते म्हणाले, "मागणी रास्त हाय. निशाण आमी लावतो. शिट्टी तेवढी तुमीच आणा, कार्यकर्ते. लोकसहभाग म्हणत्यात ना त्याला?"

लोक हसले. मी मात्र छाती काढून चौसाळ्याच्या बाजारात गेलो अन् शिट्टी आणली. दुसऱ्या दिवशी "आमच्या लढ्याला यश" असं पत्रकही वाटलं.

आता टाळलेली गोष्ट. समोरचे दात पडल्यापासून वडिलांना बोटं तोंडात घालून शिट्टी मारता येत नव्हती. म्हणून आदल्या वर्षी मीच त्यांना एक शिट्टी आणून दिली होती. दुकान तेच, शिट्टी तीच, आत मणी खुळखुळणारी. एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं सगळं टाक अन् माझ्याकडं ये, एवढं कुत्र्याला पक्कं ठाऊक. मेंढरं दोन शेतं पलीकडं असली तरी ते धावत यायचं. घरात रोज वाजणारी ती शिट्टी मी ऐकत होतो, तिच्या जोडीची सोसायटीच्या शिपायाच्या हातात मीच दिली, अन् मधल्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. माझ्या डोक्यात पत्रक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वडील ओढ्याच्या काठाला मेंढरं घेऊन होते. मी निशाणाजवळ उभा, आपली मागणी अमलात येताना बघायला. शिपायानं शिट्टी फुंकली, लांब. माणसं मागं सरली. गाड्या थांबल्या. सगळ्या शिवारातून विहिरीकडं धावत आला तो एकच जीव, आमचं कुत्रं.

वडील ओरडले. मग त्यांनी खिशातली शिट्टी काढली अन् जीव खाऊन फुंकली. तिथंच घात झाला. कुत्रं विहिरीवरच्या मुरमाच्या ढिगाजवळ पोचलं होतं. मागून एक शिट्टी, पुढून तसलीच दुसरी, शिपाई तर थांबेचना. ते मधेच उभं राहिलं. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. अन् बार उडाला.

धुरळा बसल्यावर ते उठून उभं होतं. रक्त नाही, लंगडणं नाही. नुसतं डोकं झटकत होतं, कानात गोमाशी शिरल्यासारखं. शिपाई म्हणाला, "वाचलं की! लई नशिबाचं हाय." मीही तेच म्हणालो. विहिरीला पाणी लागलं नाही, कोरडा मुरूमच वर आला.

त्या संध्याकाळी आईनं त्याला जेवायला बोलवायला थाळी वाजवली, आलं नाही. घाबरलंय, म्हटलं. सकाळी वडील त्याच्या पाठीमागं हातभर अंतरावर उभे राहिले अन् शिट्टी फुंकली. ते समोरच्या मेंढीकडं बघत राहिलं. वडिलांनी पुन्हा फुंकली. फुंकत राहिले. आईनं "बास करा हो" म्हणून हात धरला तेव्हा थांबले. शिट्टी भिंतीतल्या देवळीत ठेवली अन् माझ्याकडं न बघता मेंढरं सोडली.

मी त्याला मोटारसायकलवर मांडीत धरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर छावणीच्या जनावरांना बिल्ले मारून दमले होते. त्यांनी कानात बॅटरी मारली.

"पडदा फाटला असंल. आतली नसबी गेली असंल. येईल थोडंफार, न्हाईतर न्हाई. कानात पाणी जाऊ देऊ नका."

"पाणी कुठंय साहेब?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

घरी आल्यावर मी लिहायला बसलो. "सोसायटीच्या हलगर्जीपणाचा बळी" असा मथळा घातला. वडिलांनी वाचून दाखव म्हटलं, म्हणून वाचला.

"बळी कावून लिवलं? जित्तं हाय ते."

"तसं लिहावं लागतं, अण्णा."

"आन् शिट्टी कुणी आणली, ते कुठं लिवलंस?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"त्याला जेवायला कसं बोलवायचं, ते आधी सांग. न्हाई ना ठावं? मग आण तो कागद इकडं."

असा तो चुलीत गेला. तरीही मी सोसायटीत गेलो. इतका अजून शहाणा झालो नव्हतो. चेअरमननी पूर्ण ऐकून घेतलं अन् चहा सांगितला. "मागणी तुमची, शिट्टी तुमची, कुत्रंबी तुमचंच. सोसायटीचा निस्ता बार. आता ठराव कशाचा करू, सांगा बरं?" ओट्यावरचा माझ्याच बरोबरीचा एक जण म्हणाला, "कुत्र्यासाठी मोर्चा काढतो का बे आता?" सोसायटी बहिरी आहे, असं मी चार पत्रकांत लिहिलेलं आहे. ते खोटं होतं. सोसायटीला सगळं नीट ऐकू येतं.

पुढचे दिवस आम्ही शिकलो. त्याला नाव होतं, पण ते घ्यायचं घरात हळूहळू सगळ्यांनी सोडलं. झोपेत अंगाला हात लावायचा नाही, हे आईला लुगड्याचा काठ फाटल्यावर कळलं. ती त्याला ओलांडून चालली होती, ते दचकून उठलं अन् धरलंच. शेजारीण कुंपणावरून बघत होती. सांजेपर्यंत गावात झालं, धनगराचं कुत्रं पिसाळलं. दोघं काठ्या घेऊन आले. आईनं त्यांच्यासमोर त्याच्या तोंडात हात घालून भाकरी भरवली, तेव्हा गेले. त्यानंतर ती त्याला उठवायला नाकाशी भाकरीचा तुकडा धरायची. नाकात वास गेला की डोळे उघडायचं, मग शेपूट.

वडिलांनी रुमाल धरला. रुमाल डोक्यावर फिरवला की ये. खाली आपटला की बस. तळहात पुढं केला की थांब. अडचण एकच, त्यानं बघायला तर हवं. पाठमोरं असलं की वडील त्याच्या पुढ्यात खडा टाकायचे. आठ-दहा दिवसांत ते स्वतःच दर चार पावलांनी मागं वळून वडिलांकडं बघायला लागलं. चालायचं, वळायचं, चालायचं, वळायचं. बघणाऱ्याला कौतुक वाटायचं. मला बघवत नव्हतं. जे कुत्रं वाऱ्यावर जगत होतं, ते आता परवानगी मागत चाललं होतं.

एवढी घाई कशासाठी, तर चारा संपला होता. पंधरवड्यानं मेंढरं घेऊन गेवराईकडं, गोदाकाठाला निघायचं होतं. वाट हायवेच्या कडेनं. मेंढरू डांबरावर जाऊ द्यायचं नाही, हे कुत्र्याचं काम. वडिलांनी सात वर्षांत त्याच्याशिवाय मुक्काम हलवला नव्हता. ते बरोबर येऊ शकतं की नाही, घरात दुसरा विषय नव्हता.

निघायच्या दोन दिवस आधी वडील त्याला अन् दहा मेंढरांना घेऊन हायवेला गेले. मी सोबत. सुरुवातीला सगळं ठीक. मग एक कोकरू डांबराकडं सरकलं अन् हे त्याला वळवायला धावलं, अगदी चोख, पूर्वीसारखं. मागून उसाची ट्रक येत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. आमच्या छातीत घुमला तो आवाज, पण त्याचा कानही हलला नाही. वडिलांनी रुमाल फिरवला. ते बघतच नव्हतं, कोकराकडं बघत होतं. कामात होतं. ट्रक कचकन वळून गेली.

वडील रस्त्याच्या कडेला खाली बसले. रुमालाची घडी घालत म्हणाले, "काम करताना ते माझ्याकडं बघत न्हाई. बघितलं असतं तर कामाचं न्हवतं."

मामाचं कुत्रं मागून आणलं. ठरलेल्या दिवशी फटफटताना मेंढरं सोडली. दरवर्षी हे निघणं म्हणजे गलका, मेंढरांचं बेंबाटणं, आरडाओरडा. त्या दिवशीही होता. कुणी आवाज दबका केला नाही, त्याची गरजच नव्हती. ते गोठ्याच्या भिंतीशी झोपलेलं होतं. त्याला वास जाऊ नये म्हणून वडील वाऱ्याच्या उलट बाजूनं कळप काढत गेले. त्याच्या बहिरेपणाचा फायदा पहिल्यांदा आम्हीच घेतला, त्याच्याच विरुद्ध.

ऊन आल्यावर ते उठलं. मेंढरं कोंडायच्या वाडग्यात गेलं, रिकामी जमीन हुंगली अन् सुटलं हायवेच्या दिशेनं. मी मागं पळत त्याच्या नावानं बोंबलत होतो. सभांत माईक नसला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, असं लोक म्हणतात. मी नाव घेत होतो, शिव्या देत होतो, काय काय ओरडत होतो. ते एकदाही मागं वळलं नाही. मागं बघायची त्याला सवय लागली होती, पण ती वडिलांसाठी होती.

ढेकळांतून आडवा पळत मी त्याच्या पुढं गेलो, डांबराच्या थोडं अलीकडं. तळहात पुढं केला. ते थांबलं. धापा टाकत माझ्या हाताकडं बघत उभं राहिलं, आता पुढचं सांग म्हणून. मी गळ्यात दोरी घातली.

सांजेला वडिलांचा फोन आला. "उठल्यावर काय केलं त्यानं?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "भाकरी खाल्ली."

"खाल्ली का?"

"खाल्ली."

भाकरी त्याच्यापुढं तशीच पडलेली होती, वर मुंग्या लागल्या होत्या.