माझी तीन वर्षं कापणाऱ्या इंदूकाकू

इंदूकाकू नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरल्या, की आमच्या आळीतले लोक हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसत. बूथला काचेचं दार होतं आणि ते नीट लागायचंही, पण काकूंच्या आवाजापुढे काच ती काय करणार? "मुलगी गोरीपान, उंची पाच-तीन, जन्म सकाळी सव्वासातचा, मंगळबिंगळ काही नाही, मामेकुळ हेदवीचं." पलीकडे ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला मुलाची आई हे ऐकत असे आणि अलीकडे अख्खी आळी. बूथवाले बशीरभाई मस्कतहून परत आलेले. त्यांच्या घराण्यात पत्रिका हा प्रकारच नाही, पण रत्नागिरीत कुणाला कडक मंगळ आहे आणि कुणाला सौम्य, हे त्यांना तोंडपाठ होतं.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, पेन्शन बेताची. लग्नं जुळवायची त्यांना हौस होती, धंदा म्हणून नव्हे. एक साडी आणि पंगतीत मानाचा पाट एवढ्यावर त्या खूश. सगळी माहिती डोक्यात, कागद म्हणून नाही. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुठल्या वाडीतले, आजीला संधिवात होता की नव्हता, सगळं एका दमात सांगत. "विचारलं तर सांगावं, नाही विचारलं तर आधी सांगावं," हे त्यांचं ब्रीद होतं.

मी तेव्हा तेहतीस वर्षांची, बँकेत कारकून, बिनलग्नाची. मला लग्नाची घाई नव्हती. घाई काकूंना होती. "वैजू, तुझ्या डोक्यावर अक्षता पडल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही," असं त्या म्हणत. मी म्हणायची, "मग मी लग्न करतच नाही काकू, तुम्ही जगा शंभर वर्षं." त्यावर त्या मला भांडकुदळ म्हणत आणि वर गरम आंबोळ्या आणून देत. माझ्या स्थळांचे फोन मात्र त्या मी बँकेत गेल्यावरच करायच्या. मला लाज वाटू नये म्हणून, असा माझा समज होता. किती भोळी मी.

त्या सुमाराला आमच्या बँकेनं क्रेडिट कार्डं काढली आणि प्रत्येकाला अमुक इतकी खपवा म्हणून सांगितलं. रत्नागिरीत तेव्हा उधारी म्हणजे वाण्याकडची, ती कार्डावर कशाला करायची, असं लोक विचारत. कुणी घेईना म्हणून एक मीच घेतलं. त्यासाठी एक गुप्त प्रश्न असायचा, म्हणजे फोनवर बोलणारी व्यक्ती खरी आहे की नाही ते ओळखायला. प्रश्न काय, तर आईचं माहेरचं आडनाव. मला हसूच फुटलं. मुंबईच्या साहेबांना ते गुपित वाटत असेल, आमच्याकडे ते गुपित असेल तर मग मांडवीचा समुद्रही गुपितच म्हणायचा. आमचा स्वतःचा फोन अजून यायचा होता, म्हणून फोन नंबर दिला तो काकूंचा, पी.पी. म्हणून, म्हणजे फोन आला की त्या मला हाक मारणार. काकूंच्या फोनला एसटीडी नव्हतं. तो फक्त आलेले फोन घ्यायला. त्यात पैसे पडत नाहीत म्हणून ठेवलेला.

कार्ड आल्याचा आनंद माझ्यापेक्षा काकूंनाच जास्त. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्णनात भर पडली. "बँकेत आहे, कढी उत्तम करते, क्रेडिट कार्ड आहे तिच्याकडे, सोनेरी."

आणि मग मुलुंडच्या मामांचा फोन आला.

कुणीतरी त्यांना काकूंचा नंबर दिला होता म्हणे. भाचा सिंगापूरला, एकुलता एक, निर्व्यसनी. मामा गोखले, आवाज तुपासारखा. आठवड्यातून दोनदा त्यांचा फोन. काकूंची तब्येत विचारत, हेदवीच्या गणपतीला एकदा यायचंय म्हणत, आणि हळूच एकेक गोष्ट विचारून घेत. जन्मतारीख, मामेकुळ, पत्ता. पत्रिका जुळली म्हणाले. मग म्हणाले, आमचे गुरुजी हल्ली आकडेही जुळवतात. मुलाच्या पासपोर्टचा आकडा आणि मुलीच्या कार्डाचा आकडा यांची बेरीज बघतात.

त्या रविवारी काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बघू गो तुझं ते कार्ड, कौतुक म्हणून." मी दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, उंबऱ्यात उभ्या राहून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या आणि परत केलं. मला वाटलं, दृष्ट काढतायत. अहो, ज्या बाईला निम्म्या जिल्ह्याची मामेकुळं पाठ, तिला सोळा आकडे म्हणजे काय मोठंसं.

पुढे जे झालं ते आमच्या बँकेच्या मुंबईच्या कार्ड विभागाकडून मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. एका गृहस्थानं त्यांना फोन करून सांगितलं, की मी वैजयंतीचा नवरा, आमचं बिऱ्हाड मुलुंडला हललंय, नवीन कार्ड इथे पाठवा. नंबर बरोबर. आईचं माहेरचं आडनाव बरोबर. जन्मसाल मात्र चुकलं. बँकेत माझा जन्म एकोणसत्तरचा, गृहस्थ म्हणाले बहात्तर. तिथल्या अधिकाऱ्याला संशय आला. त्यानं कार्ड थांबवलं आणि खातरजमा करायला माझ्या नंबरवर, म्हणजे काकूंकडे, फोन लावला.

अधिकारी होता तरुण. त्यानं विचारलं, "वैजयंती आहेत का? त्यांची जन्मतारीख कन्फर्म करायची होती." काकूंच्या हिशोबात मुलीची जन्मतारीख विचारणारा तरुण एकाच कारणासाठी विचारतो. हल्लीची मुलं थेट बोलतात, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बहात्तर साल सांगितलं, सकाळी सव्वासात सांगितले, मंगळ नाही सांगितलं, कढी सांगितली आणि त्याला विचारलं, "आपण कुठले? पगार किती हातात येतो?" तो म्हणाला, "मॅम, सिक्युरिटी कारणांमुळे ते सांगता येणार नाही." काकू म्हणाल्या, "मग मला तरी कशाला विचारतोस मेल्या?" आणि फोन आपटला.

आता मुंबईहून बघा हे कसं दिसलं असेल. चोरानं चुकीचं साल सांगितलं आणि माझ्याच फोन नंबरवरच्या बाईनं नेमकं तेच चुकीचं साल सांगितलं. आमचे मॅनेजर कोल्हापूरकडचे. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बाई, तुमच्या घरच्या फोनवर टोळी बसलीया म्हणत्यात मुंबईवाले. आणि तुम्ही तिला सामील." मला कॅश काउंटरवरून उठवलं. लेखी खुलासा मागितला. तो पटला नाही तर चौकशी, आणि चौकशी लागली की बँकेतल्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या पगारावर घर चालत होतं. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन तोंडावर होतं.

घरी येऊन काकूंना गाठलं. पहिल्यांदा मुलुंडचे मामा चोर निघाले हे सांगितलं. काकू डाळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"गोखले," त्या म्हणाल्या. "मामा गोखले. आणि मुलाचं मामेकुळ सांगितलं होतं साठे. वैजू, मामाचं आडनाव म्हणजेच मामेकुळ गो. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?"

चोरीपेक्षा त्यांना याचंच दुःख झालं. मी म्हटलं, ते राहू दे, माझं साल बहात्तर कुणी केलं?

"मी केलं. तेहतीस म्हटलं की लोक फोन ठेवतात. तीन वर्षं कमी केली आणि जन्मवेळ थोडी सरकवली, की मंगळही निघाला. दाढ काढावी तसा."

"काकू, हे खोटं आहे."

"खोटं कसलं? पॉलिश म्हणतात त्याला. लाकूड तेच असतं."

तेवढ्यात बूथवर राहिलेली काकूंची छत्री द्यायचं निमित्त करून बशीरभाई आले. ते म्हणाले, "वैजू, तुला मालूम नव्हतं काय? आम्ही तर दोन वर्षं ऐकतोय." म्हणजे सगळ्या आळीला माहीत होतं, एक मला सोडून.

मी काकूंना सांगितलं, उद्या बँकेत चला, साहेबांसमोर सांगा की साल तुम्ही बदललंत. काकूंनी डाळ बाजूला सारली आणि म्हणाल्या, "मी चारचौघांत खोटारडी ठरले, तर मी जुळवलेल्या संसारांचं काय होईल? माझ्या शब्दावर मुली दिल्यात लोकांनी. उद्या माझ्याकडे कोण येईल?" आणि हे खरंच होतं. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? माणसं येत, ती त्यांच्या शब्दासाठी. माझी नोकरी राहायची तर त्यांचा शब्द जायला हवा होता. मी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या गर्दीत काकू इरकल नेसून बँकेत आल्या. पेन्शनचा दिवस, हॉल भरलेला. त्यातल्या निम्म्या लोकांच्या घरची लग्नं काकूंनीच जुळवलेली. मॅनेजरची केबिन म्हणजे छातीइतकं लाकडी पार्टिशन. साहेबांनी मुंबईला फोन लावून रिसीव्हर काकूंच्या हातात दिला. त्यांना हळू बोला म्हणून सांगायचं राहिलं.

"वैजूचा जन्म एकोणसत्तरचा," काकूंचा आवाज हॉलभर झाला. "बहात्तर मी सांगत होते. त्या मुलुंडच्या मेल्यालाही मीच सांगितलं, कार्डाचा नंबरही मीच दिला. पोरीला यातलं काही माहीत नाही. वेळ पहाटे पाचची, मंगळ कडक आहे."

"मॅम, मंगळ नको. जन्मतारीख पुरे," असं पलीकडचा अधिकारी म्हणाला असावा, कारण काकू म्हणाल्या, "असू दे, लिहून घे. अर्धवट खरं मला सांगता येत नाही."

अधिकाऱ्याची खात्री पटली. त्यांच्या खोट्यामुळेच चोराचा डाव फसला, हेही त्यानं कबूल केलं. मग साहेबांनी काकूंना समजावलं, की बँक फोन करून कार्डाचा नंबर कधी विचारत नाही. कुणी विचारला तर फोन ठेवायचा आणि कार्डामागे छापलेला नंबर आपण स्वतः फिरवून विचारायचं. जन्मतारीख, आईचं आडनाव कुणाला सांगायचं नाही.

"म्हणजे स्थळासारखंच की," काकू म्हणाल्या. "ते सांगतात त्यावर जायचं नाही, आपला माणूस त्यांच्या गावात पाठवायचा. एवढं मला येत होतं हो. गोड बोलण्याला भुलले."

त्या बाहेर आल्या. मग पेन्शनीच्या रांगेतले अप्पा, ज्यांच्या मुलाचं लग्न काकूंनी जमवलं होतं, घसा खाकरून म्हणाले, "इंदू, आमच्या सूनबाईचं साल कसं?" लगेच मागून आणखी एकानं बायकोचं विचारलं. काकूंनी पदर सावरला. "आत्ताच साहेबांनी सांगितलं. कुणाची जन्मतारीख कुणाला सांगू नये. बँकेचा नियम आहे." आणि चालू लागल्या.

मी काउंटरवर परत बसले. काकूंचं मात्र त्यांना वाटलं होतं तेच झालं. त्यांच्याकडे कुणी फिरकेना. ओट्यावर एकट्या बसलेल्या दिसायच्या. मुलुंडचे मामा पुन्हा बोलले नाहीत, सापडलेही नाहीत. पुढे चार-पाच वर्षांनी काकू गेल्या. माझ्या डोक्यावर अक्षता पडायच्या त्या पडल्याच नाहीत, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. पण त्या कुणीही न फिरकलेल्या दिवसांतला एक रविवार मला विसरता येत नाही.

मी घरात असताना, भर सकाळी, काकू बूथवर गेल्या. ज्या ज्या घरी माझं पॉलिश मारलेलं वर्णन गेलं होतं, त्या प्रत्येक घरी त्यांनी फोन लावला. "मी रत्नागिरीहून इंदू. त्या वैजूचं मी चुकीचं सांगितलं होतं. तेहतीस पूर्ण आहे, मंगळ आहे, चष्मा आहे." एकेक फोन तिकडून ठेवला जात होता, काकू पुढचा नंबर फिरवत होत्या. मी त्यांना ओढून घरी आणायला म्हणून गेले आणि बूथच्या पायरीवरच थबकले. शेवटचा फोन डोंबिवलीचा. तिकडच्या बाईनं काहीतरी विचारलं असावं.

"नाही हो, विशेष असं काही नाही तिच्यात," त्या म्हणाल्या. "भांडकुदळ आहे थोडी. पण माझी आहे."

अख्खी आळी माझ्याकडे बघत होती. तिकडचा फोन ठेवला गेला. काकू पैसे द्यायला बाहेर आल्या, बशीरभाईंनी ते पूर्ण मोजून घेतले, आणि माझा चेहरा बघून त्या मला म्हणाल्या, "रडतेस कशाला? बाई खवचट होती. मीच तुला दिली नसती तिथे."