आषाढात होडी पाण्यात नाही

ज्येष्ठ लागला की माझी होडी जमिनीवर येते आणि नारळी पौर्णिमेला परत पाण्यात जाते. मधले दिवस ती उपडी असते, तिच्यावर ताडपत्री असते, आणि तिला कोणी हात लावलेला मला चालत नाही. आमच्या गावात घरोघर असंच करत. इथे थेम्सच्या काठी असं करणारा मी एकटाच. ज्या दिवसांत इथली माणसं उघड्या अंगाने नदीवर येतात, जेवणं झाली तरी ऊन सरत नाही, वारा असा की वल्हं मारता मारता डोळा लागावा, नेमक्या त्याच दिवसांत माझी होडी झाकलेली. आणि ऑक्टोबरात धुकं पडलं, सगळे आपापल्या होड्या बांधून घरी बसले, तरी माझी वल्ही चालूच. लोक हसतात. हसू देत.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीत मास्तरांनी उगाच मारलं म्हणून त्यांची छडी खाडीत फेकली आणि माझी शाळा संपली. मग खलाशी झालो. आमच्या भागातला सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, ओळखीची पोरं घेऊन मुंबईला जायचा आणि गोऱ्यांच्या कंपनीच्या जहाजावर लावायचा. त्याच्या मागून मीही गेलो. डेक घासला, रंग लावला, दोर ओढले, सारंगाच्या हाताखालचा तांडेल झालो. पुढे जहाजांवर मालाचे लोखंडी डबे, कंटेनर, आले आणि माणसं नकोशी झाली. मी लंडनात उतरलो तो उतरलोच. हीथ्रोवर लोकांच्या बॅगा विमानात चढवल्या, हाउन्सलोत घर केलं. एक मुलगी झाली, ती इथलीच.

कोणी विचारेल, जहाजावर होतास तेव्हा आषाढात काय करायचास? जायचो की. भर पावसाळ्यात एडनहून मुंबईला आलोय, जहाज असं लोळायचं की जेवणाचं ताट मांडीत धरून बसावं लागे. पण ते जहाज कंपनीचं होतं. बुडालं असतं तर कंपनीचं बुडालं असतं. सुट्टीत घरी गेलो की आई म्हणायची, "त्यांच्या जहाजावर त्यांचं ऐक. पण आपली होडी पुनवेच्या आधी पाण्यात गेली तर घरात पाऊल टाकू नकोस." आई गेली. मी ऐकणं सोडलेलं नाही.

आता नदीचं सांगतो. आम्ही राहतो तिथून बसने थोडं गेलं की थेम्स लागते. लोक म्हणतात, इथे कुठला आलाय समुद्र? पण तिथलं पाणी रोज चढतं आणि उतरतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, बदकं चालत फिरतात, आणि उधाणाच्या भरतीला काठचा रस्ताच पाण्याखाली जातो, उभ्या केलेल्या गाड्यांची चाकं भिजतात. मी पाणी चाखून पाहिलंय. चव गोड्या पाण्याची आहे. पण चाल समुद्राची आहे, आणि मी चाल बघतो.

तिथे एक बोट क्लब आहे. होड्या ठेवायला लाकडी घोड्या आहेत. माझी होडीही लाकडी, जुनी, मी निवृत्त झाल्यावर घेतलेली. त्या क्लबाचा प्रमुख म्हणजे कमोडोर. हा खरोखरच त्यांच्या आरमारात अधिकारी होता, मिशी अजून तशीच ठेवतो. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, म्हणून आमचं जमलं. मी मनात त्याला अरे-तुरेच करतो.

त्याच्याशी माझी ओळख नारळावरून झाली. पहिल्या वर्षी मी पौर्णिमेला नारळ वाहिला, होडी पाण्यात लोटली. दुसऱ्या दिवशी क्लबात गेलो तर कमोडोर दारात उभा, हातात माझा नारळ. भरतीबरोबर परत आला होता आणि क्लबच्या पायऱ्यांना लागला होता.

"तुझा अर्ज नामंजूर झालेला दिसतोय," तो म्हणाला.

"नामंजूर नाही, प्रसाद आलाय," मी म्हणालो, आणि तिथेच पायरीवर आपटून फोडला. त्याने खोबरं खाल्लं, पाणी मिशीवर सांडलं. तेव्हापासून आम्ही भांडतो.

भांडण बहुतेक आरमारावरून. त्याने पुस्तकात वाचलंय की आमच्या किनाऱ्यावर चाचे होते.

"चाचे नव्हते," मी म्हणालो. "आरमार होतं. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचं परवान्याचं दस्तक घ्यायचं. नाही घेतलं तर पकडायचं. तुझ्या बंदरात कस्टमवाला पकडतो, त्याला चाचा म्हणतोस का?"

"कस्टमवाला तोंडात तलवार धरून चढत नाही."

"तुमच्या कस्टमवाल्यांना मी जवळून पाहिलंय. तलवार बरी."

तो खूप हसला. मग मी त्याला सांगितलं की पावसाळा आला की आमची गलबतं किनाऱ्याला ओढून शाकारून ठेवत, वर माडाच्या झापांचं छप्पर. आणि त्याच्या लोकांची मोठाली जहाजंही तेव्हा तो किनारा सोडून जात. तोफा असून उपयोग नाही, लाट कोणाला भीत नाही. ज्याला थांबता येतं त्याची गलबतं पावसाळ्यानंतर शाबूत असतात. थांबणं हासुद्धा लढाईचाच भाग.

"मान्य," कमोडोर म्हणाला. "पण इथे पाऊस कुठे आहे? लाट कुठे आहे? इथे तुझा शत्रू कोण?"

"तुझी कमिटी," मी म्हणालो.

तेव्हा ते गमतीत बोललो होतो. यंदा वसंतात कमिटीने खरोखरच नियम काढला. क्लबात जागा कमी, बाहेर माणसं ताटकळत. तेव्हा जूनअखेर प्रत्येक होडी पाण्यात उतरवून दाखवायची. जी उतरणार नाही तिची घोडी दुसऱ्याला. नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. कित्येकांच्या होड्यांत गवत उगवलं होतं. पण जूनअखेर म्हणजे आषाढ.

घरी मुलीला सांगितलं. ती एअरपोर्टवर साहेबीण आहे, घाईत असते.

"बाबा, एक दिवस टाका ना पाण्यात. हाफ अॅन अवर. मग परत वर. कोणाला कळणार पण नाही."

"मला कळेल."

"बट व्हाय? इथे मॉन्सून पण नाहीये. तुमचा होडी उन्हात तडकतो उलट. यू नो दॅट."

हे मात्र खरं होतं. गावी पावसाळ्यात होडी झापांखाली ओलसर राहते. इथे जून-जुलैचं ऊन फळ्या वाळवतं, सांधे उघडतात. दरवर्षी पौर्णिमेला माझी होडी चाळणीसारखी गळते, मग फळ्या फुगल्या की थांबते. म्हणजे जी रीत होडी वाचवायला केली तीच इथे होडीला त्रास देते. मुलगी बोलते त्यात चूक नाही. कमोडोरही हेच सांगतो. मला सगळं समजतं. समजतं म्हणून बदललं पाहिजे असं थोडंच आहे?

"देव बघतो का बाबा, इथे?" तिने विचारलं.

"देवाचं ठाऊक नाही. मी बघतो."

बायको पोळ्या लाटत होती. तिने मुलीला हळूच सांगितलं, पण मला ऐकू यावं एवढंच हळू. "त्यांना काही म्हणू नकोस गं. नको म्हटलं की त्यांचं वय उलटं फिरतं."

पण मी काही लाकडाचा बनलेलो नाही. ती जागा गेली तर माझं काय उरणार होतं, ते मला माहीत होतं. हाउन्सलोत माझ्या वयाची माणसं डॉक्टर, फार्मसी आणि टीव्ही एवढ्यावर जगतात. मला नदी आहे. आठवड्यातून दोनदा हातात वल्हं येतं, तेवढा वेळ मी कोणाचा बाबा नाही, कोणाचा पेशंट नाही. ती घोडी गेली की होडी ठेवायला जागा नाही, आणि जागा नाही म्हणजे होडी नाही. मी बरेच दिवस नीट जेवलो नाही. बायको ताटात माशाचा मधला तुकडा वाढत राहिली.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात कमोडोरने मला बाकावर बसवलं. दोन कप चहा आणला. त्याने स्वतः चहा आणला म्हणजे काहीतरी आहे.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "दुरुस्तीला असलेल्या होडीला सूट आहे. तू फक्त म्हण की होडी दुरुस्तीला आहे. मी कमिटीला सांगतो. पुढच्या वर्षीही तेच. कोणी तपासणार नाही."

"तिला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. फक्त म्हणायचं."

"म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत ती मोडकी आहे असं सांगायचं."

"हो. एक शब्द. आणि जागा तुझी."

माणूस मनापासून सांगत होता. कमिटीसमोर त्याने माझ्यासाठी तोंड वाजवलं होतं, हे मला नंतर दुसऱ्याकडून समजलं. मी चहा संपवला. पाणी उतरत होतं, चिखलात एक बगळा उभा होता, तोही काही न करता. मी म्हणालो, "माझी होडी मोडकी नाही. ती धडधाकट आहे आणि थांबली आहे. थांबलेल्याला आजारी म्हणायचं, हे मला जमणार नाही."

"तुझ्यासारखा हट्टी माणूस मी जहाजावर ठेवला नसता."

"तुझ्यासारखा साहेब असता तर मी चढलोच नसतो."

तो उठून गेला. कप तसेच राहिले, मीच धुऊन ठेवले.

जूनअखेर सगळ्या होड्या पाण्यात उतरल्या. एकाची तर इतकी जुनी की चार माणसांनी धरून ठेवली होती. माझी उपडीच. कमिटीतली बाई आली, चांगली बोलली, पण नियम तो नियम. माझी घोडी एका प्लॅस्टिकच्या लाल होडीला मिळाली. होडी तिथून हलवायला मला थोडे दिवस दिले. मी म्हणालो, हलवीन, पण पाण्यातून नाही, रस्त्याने. मुलीने कुठून तरी ट्रेलर मिळवला. तोंडाने बडबडत होती, पण पट्टे तिनेच आवळले, आणि चांगले आवळले. होडी घरासमोर आली, जिथे मुलीची गाडी उभी असते तिथे. गाडी गेली रस्त्यावर. शेजारच्या पंजाबी बाईंनी विचारलं, "अंकल, बाढ़ आने वाली है क्या?"

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी उधाणाची भरती होती. क्लबच्या थोडं पुढे एक जुना उतार आहे, दगडी, सरळ नदीत जाणारा. तो कोणाच्याही मालकीचा नाही. पूर्वी तिथे माल उतरत असे. तिथे ट्रेलर लावला. बायकोने नारळाला हळदकुंकू लावलं, सोन्याचा म्हणून पिवळा कागद गुंडाळला. मी नारळ वाहिला, हात जोडले आणि होडी लोटली.

दरवर्षीपेक्षा जास्त गळली. यंदाचं ऊनही तसंच होतं. बसलो न बसलो तोच पाणी घोट्याला लागलं. मी बादलीने उपसायला लागलो. काठावरून मुलगी ओरडली, "बाबा, बाहेर या! प्लीज! कम आउट!"

"ओरडू नकोस," बायको तिला म्हणाली. "अजून जोरात उपसतील."

तेवढ्यात कमोडोर आला. क्लबच्या गच्चीवरून त्याला दिसलं असणार. पँट दुमडून तो पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा राहिला. त्याने होडीचा दोर उचलला आणि हातात धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"तू बुडतोयस," तो म्हणाला.

"नाही. फळ्या फुगतायत."

"किती वेळ लागेल?"

"फुगेपर्यंत."

मी उपसत राहिलो. दंड भरून आले, कंबर बोलायला लागली, धाप लागली. मुलीने दिलेलं लाइफ जॅकेट गळ्याशी काचत होतं. दोनदा वाटलं, पुरे. काठावर बघितलं तर बायको पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसली होती, मी आत्ता येणार नाही हे माहीत असल्यासारखी. मग थांबायचा प्रश्नच नव्हता. हळूहळू पाणी घोट्याखाली गेलं. मग तळव्यापर्यंत. मग बादली नुसती खरडायला लागली.

"सोड," मी कमोडोरला म्हणालो. त्याने दोर आत टाकला.

वल्ही लावली आणि मी मुद्दाम क्लबच्या समोरून गेलो, संथ, मधोमध. गच्चीवर माणसं बसली होती. कोणी हात हलवला, मी हलवला नाही. माझे दोन्ही हात कामात होते. भरती संपेपर्यंत वर गेलो आणि ओहोटीबरोबर परत आलो.

उतारावर कमोडोर अजून होता, ओल्या पँटने, हातात नारळीभाताचा डबा. बायकोने दिला असणार. तो मुलीबरोबर होडी ओढायला लागला.

"कमिटीला पुन्हा विचारून बघू का?" त्याने विचारलं.

"बघ," मी म्हणालो. "पण मोडकी म्हणायचं नाही."

आम्ही होडी घरी आणली. मुलीने पट्टे सोडले, कंबरेवर हात ठेवून होडीने अडवलेल्या जागेकडे आणि रस्त्यावरच्या आपल्या गाडीकडे पाहिलं.

"सो, हे आता इथेच?"

"पाण्यात जाईल, घरी येईल. ज्येष्ठ लागला की उपडी."

"म्हणजे पुढच्या समरला माझी गाडी…"

"रस्त्यावर," मी म्हणालो, आणि ताडपत्री शोधायला आत गेलो.