बेटावरचे किलोमीटर आणि रबराची वर्षे

गेल्या जुलैत, ऊसतोडणीचा हंगाम नुकताच सुरू झाला असताना, माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तिच्या उत्तरेकडच्या रिव्हिएर दू रांपारच्या घरून बेटाच्या दुसऱ्या टोकाला प्लेन मान्येनच्या विमानतळावर पोहोचवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि मुंबईला दिलेल्या लेकीने शस्त्रक्रिया ठरवली होती. विमान आठवड्यातून एकदाच, रविवारी दुपारी. तीन वर्षे टाळाटाळ करणारी अक्का कशीबशी तयार झाली होती. हे विमान चुकले तर ती पुन्हा निघणार नाही, याविषयी मला शंका नव्हती. म्हणून शनिवारी सकाळीच निघून प्लेन मान्येनला नातेवाइकांकडे मुक्काम करावा, असा बेत आखला.

उत्तरेकडून येणाऱ्यांनी पोर्ट लुईसचा हमरस्ता सोडून पूर्व किनाऱ्याने जावे, अशी माझी शिफारस आहे. साठेक किलोमीटरला दोन तास लागतात, पण समुद्र सोबत राहतो. हंगामात मात्र उसाच्या लॉऱ्यांपासून अंतर राखावे. वळणावर त्यांतून उसाची कांडी रस्त्यावर पडतात.

पहिला थांबा ब्रीझे वेर्दिएर. अक्काच्या सासरचा पुतण्या भिवाजी तेथे लिचीच्या झाडाखाली मोटारी दुरुस्त करतो. अक्काकडे आलो की त्याच्याकडून तेल-पाणी तपासून घेणे हा माझा नेम. इंजिनातले तेल मोजायची कांडी पुसून त्याने विचारले, "मामा, टायमिंगचा पट्टा कंदी बदलला?"

मी गाडीची पुस्तिका उघडून दाखवली. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा हा रबरी पट्टा एक लाख किलोमीटरला बदलायचा होता. माझे एक्केचाळीस हजार झाले होते. भिवाजीने पुस्तिकेकडे पाहिलेच नाही.

"लोतो कुठल्या सालची?"

लोतो, म्हणजे गाडी, नऊ वर्षांची होती.

"या टापूवर लाख व्हायच्या आदी तुमची पेन्शन सुरू व्हईल," तो म्हणाला. "रबराला किलोमीटर कळत नाय, मामा. गाडी उभी ऱ्हायली तरी ते म्हातारं होतंय."

त्याच ओळीखाली 'किंवा पाच वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते' असेही छापलेले होते. ते मी वाचले होते आणि कारखानदाराची अतिदक्षता म्हणून सोडून दिले होते. येथील बहुतेक मालकांची हीच चूक होते: ते किलोमीटरच मोजतात, आणि आकडा भरण्याआधीच आपला रस्ता समुद्राला लागतो.

मागच्या आसनावरून अक्का म्हणाली, "बघ, गाडीलाबी जायचं नाय. भिवा, मला घरी सोड." तिच्या आवाजातली सुटका ऐकून मी धास्तावलो. पट्टा परतल्यावर बदलू, असे मी सुचवले. भिवाजीने दोनच तास मागितले; टॅक्सीवाल्यांसाठी आणलेला त्याच मापाचा पट्टा त्याच्याकडे होता. मी नाराजीनेच होकार दिला.

काढलेला पट्टा मला काळाभोर, धडधाकट दिसला. भिवाजीने तो अक्काच्या हाती दिला. तिने तो उलटा दुमडून बोटे फिरवली.

"हा दात हलतोय रे. आनि हितं चिरलंय."

मी चष्मा पुसला आणि पट्टा उन्हात धरला. प्रत्येक दाताच्या मुळाशी केसासारखी चीर होती.

"तुटला तर आतल्या झडपा वाकतात," भिवाजी म्हणाला. "गाडी जिथं असंल तिथंच बंद."

"पन काल तर बरी चालत व्हती," अक्का म्हणाली.

"चालतेय तवरच उघडायची, काकी."

अक्काने पट्टा माझ्या हातून घेऊन त्या चिरांवरून पुन्हा बोट फिरवले.

भिवाजीचे काम पाहणे हा या प्रवासातला माझा सर्वांत मोठा आनंद. इंजिनाच्या दातेरी चाकांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून त्याने नवा पट्टा चढवला, ताण बोटाने जोखला आणि इंजिन चालू न करता पान्याने हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवले. खुणा जुळल्या. त्याने पुन्हा दोन फेरे दिले. सरकारी नोकरीत मी तीस वर्षे इतरांचे काम तपासत आलो. स्वतःचे काम असे तपासणारे मोजकेच भेटले. पट्टा आणि मजुरी मिळून खर्च माझ्या महिन्याच्या पेट्रोलहून कमी झाला.

दरम्यान भिवाजीच्या बायकोने दिलेल्या डाळ भरलेल्या दोन धालपुऱ्या संपवून अक्का स्वतःच पुढच्या आसनावर येऊन बसली होती.

"चल रे," ती म्हणाली. "माझंबी उघडून घेऊ, चालतंय तवर."

पुढे डावीकडे समुद्र आणि उजवीकडे सिंहासारखा बसलेला डोंगर. मी एकेक सांगत गेलो, ती मान हलवत होती. रविवारी विमान वेळेवर सुटले.

सप्टेंबरात, शस्त्रक्रियेनंतर, तिला आणायला विमानतळावर गेलो. कात्र बोर्नला माझ्या घरी येताच मेजावर ठेवलेला जुना पट्टा तिने उचलला आणि खिडकीपाशी नेऊन दुमडला. दातांच्या मुळाशी असलेल्या चिरा तिने एकेक करून पाहिल्या.

"एवढ्या बारीक व्हत्या?" ती म्हणाली. "बोटाला तर केवढ्या लागल्या व्हत्या."