मुके, मक्के आणि मुकुटे

आमचं आडनाव मुके. वाचणाऱ्याला हसू येईल तर येऊ द्या. हैदराबादला कॉलेजात पहिल्याच दिवशी वर्गातली मराठी पोरं हसली होती. मुक्याचा दुसरा अर्थ त्यांना ठाऊक होता, आणि गालावर बोट ठेवून तो मला समजावून सांगायची त्यांना भारी हौस. हजेरी उर्दूत असायची. उर्दूत मुके लिहिलं तर त्याचं मक्केही वाचता येतं, वाचणाऱ्याची मर्जी. आमच्या म्हाताऱ्या मास्तरांनी मक्के वाचलं आणि विचारलं, "क्यों मियाँ, मक्का शरीफ से सीधे इधरीच आए क्या?" पदवी हातात पडेपर्यंत मी मक्केच राहिलो. त्याचा मला राग नाही. राग आहे तो आमच्याच माणसांचा.

हे आडनाव माझ्या आज्यापासून सुरू झालं. त्याआधी आम्हाला आडनावच नव्हतं. अमक्याचा तमका, एवढ्यावर भागायचं. गेवराईच्या खालच्या अंगाला आमचं गाव. गावातला सुतार वेठीला विटला होता. अंमलदाराचा मुक्काम पडला की तंबूच्या मेखा, खाटा, गाडीची चाकं, सगळं फुकट करून द्यायचं आणि वर शिव्या खायच्या. शेवटी बायकापोरांना घेऊन तो मोगलाईची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात निघून गेला. तो गेला ती गाडी माझ्या आज्याची होती. गावाला ते ठाऊक होतं आणि पाटलालाही.

आज्याला चावडीपुढं भर उन्हात ओणवं उभं केलं आणि पाठीवर धोंडा ठेवला. सुतार कुठं सोडला, एवढंच सांगायचं होतं. आज्यानं तोंड उघडलं नाही. आपण नेलं नाही असं खोटंसुद्धा बोलला नाही. दिवस कलला तसा पाटील कावला आणि म्हणाला, "मुका हाय का बे ह्यो?" सरकारी जवान हसले. दुसऱ्या दिवशी गाव आज्याला मुका म्हणायला लागलं, मग पटवारी म्हणायला लागला, आणि पटवारी म्हणाला की ते सरकारी झालंच. आज्याची कंबर पुढं कधी सरळ झाली नाही.

आज्याचे भाऊ-पुतणे पोटासाठी पांगले. कुणी तेलगावला गेलं, कुणी घाटनांदूरला. आडनाव त्यांच्याबरोबर गेलं, गोष्ट मात्र त्यांनी वाटेत टाकून दिली. तेलगावचे सांगतात, आमच्यात एक मौनी बाबा होऊन गेला. घाटनांदूरचे सांगतात, एक चुलता जन्माचा मुका होता. हे निदान लांबचे. माझा सख्खा चुलता, ज्याच्या बापाच्या पाठीवर तो धोंडा होता, त्यानं काय केलं ते सांगतो.

चुलत्याचं गेवराईत दुकान होतं. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते, ते त्यानं आपल्याच घरी बोलावले. मुलाचा बाप तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबाच्या शेजारी बसून कागद वाचून दाखवणारा. मोठं स्थळ. मुलाच्या आत्यानं बहिणीला पुढं बसवलं.

"नाव सांग गं."

तिनं सांगितलं.

"आता वार म्हण, आईतवारापासून."

तिनं म्हटले.

"आता शेजारणीला हाक मार. मोठ्यानं."

बाजारात म्हशीचे दात बघतात तसं चाललं होतं. मी विचारलं, "हे कशापायी?"

आत्या म्हणाली, "राग नका मानू. आडनाव ऐकलं तवाच मनात आलं. घराण्यात मुकेपण असंल, तर उद्या पोरं मुकी निपजतील. इचारलेलं बरं."

चुलता लगबगीनं म्हणाला, "छे, तसलं काही न्हाई. मूळचे आमी मुकुटे. मुकुटवाले. ह्या उर्दू कारकुनांनी मधला ट खाल्ला. आमचा बी.ए. बसलाय समोर, त्यालाच इचारा. त्याला तर कॉलेजात मक्के केलतं."

मक्क्याचा किस्सा मीच सुट्टीत घरी येऊन सांगितला होता. सगळे हसले होते. चुलता हसता हसता त्यातून मुकुट काढत होता, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. वडील सतरंजीकडे. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर बहिणीचं लग्न तिथल्या तिथं ठरलं असतं. मी चावडीची गोष्ट सांगितली. सगळी.

पेशकारांनी सुपारी चघळायची थांबवली. "सुतार सापडला का?"

"न्हाई."

"आन् तुमच्या आज्यानं शेवटपर्यंत सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

ते उठले. "मुका असता तर एकवेळ चाललं असतं. मी सरकारचं मीठ खातो, बाबा. असली सोयरीक मला झेपायची न्हाई."

पुरणपोळ्या तशाच राहिल्या. पाहुणे वेशीपर्यंत गेले नसतील, तोवर चुलत्यानं मला धरलं. "हेच शिकलास व्हय हैदराबादेत? बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची?"

"कुणाच्या बापाची?" मी म्हणालो. "तुमचाच ना तो?"

"वाकलेला बाप दुकानाच्या पाटीवर लावता येत न्हाई बे."

हे तो मुलगा बोलला, ज्याच्यासाठी आज्यानं वाकल्या कमरेनं बैल हाकले होते. माझा हात उठला होता. वडिलांनी धरला.

चुलीजवळून बहीण म्हणाली, "लगीन माझं, आन् बोलले समदे तुमीच. मला काय, आईतवार-सोमवार." कुणाकडे न बघता ती एक पोळी खात होती.

चुलत्यानं महिन्याभरात पाटी रंगवली. मुकुटे. अक्षरांच्या डोक्यावर खरोखरीचा मुकुट, पिवळ्या रंगात. पुढं तेलगावच्यांनीही तेच उचललं. आता त्या शाखांतली पोरं छाती पुढं काढून सांगतात की आपण कुणा राजाच्या पदरचे.

बहिणीला दुसरं स्थळ घाटनांदूरच्या बाजूचं आलं, शेती करणारं. मुलाच्या आईनं तेच विचारलं, "तुमच्यात मुकं कोण व्हतं?"

मी तोंड उघडायच्या आत बहीण बोलली. "आमचा आजा. एका दिवसापुरता." मग तिनं सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा बरं सांगितलं. धोंडा केवढा, हे हात पसरून दाखवलं.

त्या बाई म्हणाल्या, "आन् त्या सुताराच्या लेकराबाळांचं बरं झालं का पुढं?"

आमच्या घराण्यात हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

लग्न तिथंच झालं. चुलता आला नाही. पत्रिका मुक्यांच्या घरची होती. मुकुट्यांना ती लागू नसावी.