दगडात जीव येईपर्यंत

माझा साडू शहराबाहेर देवनहळ्ळीकडच्या एका नव्या लेआउटमधल्या घरात राहतो आणि त्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची भलीमोठी फिश टँक आहे. माझी मुलगी दर रविवारी त्या टँकसमोर. सकाळी मावशीच्या गाडीतून जायची ती दिवेलागणीला परत. आल्यावर ताटावर बसली तरी काकापुराण चालूच. काका म्हणाले, दगड हीच खरी टँक, मासे नुसते पाहुणे. काका म्हणाले, घाई करायची नाही. मी नुसता वरणभात कालवत ऐकायचो. पोर आमची, तापात तिच्या उशाशी बसलो आम्ही, आणि हा आयत्या बिळावर नागोबा! जळत होतो मी, सरळ सांगतो. बायकोला बोललो तर ती हसली. म्हणाली, तिला मासे आवडतात, त्याला तो बिचारा काय करणार. बिचारा म्हणे.

मग मासेच आमच्या घरी आणायचे, असं मी ठरवलं. मला त्या माशांचं काही कौतुक नव्हतं. मला माझे रविवार परत हवे होते.

जयनगरच्या एका दुकानातून कोरडे दगड आणले. पांढरट, हलके, भोकाभोकांचे. आमच्या चामराजपेटच्या घरात कपडे धुवायची जी जागा आहे तिथे आम्ही बापलेक जुने टूथब्रश घेऊन बसलो. भोकांमधून काय काय निघालं, विचारू नका. मग दगड ब्लीचच्या पाण्यात भिजवले, पुन्हापुन्हा धुतले, गच्चीत वाळवले आणि मिठाचं पाणी भरलेल्या मोठ्या टबात ठेवून वर झाकण घातलं. आत पंप सोडला. आता त्या अंधारात दगडात न दिसणारे जीव वाढायचे, घाण खायचे, आणि पाण्यातला अमोनिया गेला की दगड जिवंत झाला, असा हिशेब. धुण्या-वाळवण्याच्या त्या दिवसांत पोर घरी राहिली. हाताला ब्लीचचा वास आणि तोंडाची टकळी चालू. मला दुसरं काय हवं होतं?

साडूचा फोन आला. त्याच्या टँकमधला एक दगड देतो म्हणाला, विरजणासारखं काम करतो, टब लवकर लागेल. मी म्हटलं, नको, आम्हाला घाई नाही. त्याच्या विरजणाचं दही मला माझ्या घरात नको होतं.

झालं काय, की बंद टबात बघण्यासारखं काही नसतं. पोर कंटाळली आणि पुन्हा देवनहळ्ळीला जायला लागली. मी एकटाच नळीत टबातलं पाणी घेऊन त्यात अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकत बसायचो. रंग हिरवा म्हणजे अजून नाही, पिवळा म्हणजे झालं. पाण्याला असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी माझ्या आईला हळूच विचारलं, तुमच्यात मासळी कधीपासून? आईची लाज गेली.

शेवटी नळी पिवळी झाली. त्या रविवारी पोर मुद्दाम घरी थांबली. दगड एकेक उचलून बादलीत ठेवत होती, आणि तळातला शेवटचा दगड उचलून तशीच थांबली. खाली एक तांब्याचा जुना पैसा होता, हिरवा पडलेला, आणि शेवंतीचे कुजके देठ.

आईला विचारावं लागलं नाही. दारातच उभी होती ती. पहिल्याच दिवशी तिने टबाला हळदकुंकू वाहून देवघरातला पैसा पाण्यात सोडला होता.

"घरात नवं पाणी भरलं तर गंगा पुजायची नाही? तूच म्हणालास ना, दगडात जीव यायचाय म्हणून."

मी पोरीला म्हटलं, काढून टाकू, परत धुऊ. तिने मान हलवली.

"नाही अप्पा. तांबं दगडात मुरतं. मग त्यात कोळंबी, गोगलगाय, काहीच जगत नाही. काकांनी सांगितलंय."

माझ्या दगडांचा निकालसुद्धा त्यानेच लावला. मी पंपाची पिन उपटली आणि आई नसलेल्या खोलीत जाऊन बसलो.

पुढच्या रविवारी साडू आला. स्वतःची टँक अर्धी मोडून दगड आणले होते, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. पोरीने देवनहळ्ळीपासून दगडांची बादली गाडीत पायांत धरून आणली होती. नको म्हणायचं माझ्या अगदी जिभेवर होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. या आत, म्हटलं.

टँक लागली. आता पोर रविवारी कुठे जात नाही, आमच्याच हॉलमध्ये असते. मागच्या रविवारी तिने हाक मारली, अप्पा, टॉर्च घेऊन लवकर या. मी हातातलं टाकून धावलो. दगडाच्या एका भोकातून केसाएवढा कसलासा जीव हात बाहेर काढत होता. मी तिच्या शेजारी मांडी घातली, टॉर्च नीट धरला, डोकं तिच्या डोक्याला टेकेल इतका पुढे वाकलो. तेव्हा तिच्या हातातला फोन दिसला. व्हिडिओ कॉल चालू होता.

"अप्पा, स्वल्प बाजूला सरका ना," ती म्हणाली, "काकांना दिसत नाहीये."