माळावर हरवायला आलेले पाहुणे

पुण्यापासून दोन-अडीच तासांवर जाऊन मुद्दाम हरवायचं असेल, तर दौंडच्या अलीकडचा माळ उत्तम. हे वाक्य माझं नाही, माझ्या धाकट्या भावाचं, नंदनचं आहे. गेली दोन वर्षं तो ते लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्यालाही ऐकवत आला आहे. त्याला ओरिएंटिअरिंगचं वेड आहे. म्हणजे हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानात पळायचं, नकाशात दाखवलेली निशाणं एकामागून एक शोधायची आणि वाटेत कुणाला काही विचारायचं नाही. हा खेळ युरोपातल्या जंगलांत वाढला आणि त्याच्या मोठ्या स्पर्धाही बहुतेक तिकडेच होतात. नंदनला त्यातली एक शिरूर-दौंडच्या सीमेवर भरवायची होती. त्यासाठी बँकेतली सगळी रजा खर्चून, दोन हिवाळे उन्हातान्हात फिरून त्याने माळाचा नकाशा काढला होता. आता जागा तपासायला फिनलंडहून अनिका नावाच्या बाई येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर स्पर्धा इथे, नाही म्हणाल्या तर दोन हिवाळे पाण्यात. मला इंग्रजी येतं आणि गाडी चालवता येते, एवढ्या भांडवलावर मलाही पथकात घेतलं गेलं.

सगळे सांगतात, नगर रस्त्याला पहाटे निघा. निघा बापडे. वाघोलीची कोंडी सगळ्यांना सारखंच वागवते. पुढे रांजणगावच्या कारखान्यांच्या पाळीच्या बस आणि दुचाक्या यांच्यातून वाट काढत आम्ही तिघांनी शिक्रापूर गाठलं आणि मिसळ खाल्ली. शंभराच्या आत पोट भरतं, वर रस्सा मागाल तितका. अनिकाने रस्सा एकदाच मागितला. तिथून उजवीकडे वळून तळेगाव ढमढेरे, न्हावरे आणि मग भीमेवरचा पूल. रस्ता बरा आहे, पण हिवाळ्यात जाणार असाल तर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे राहण्याची मनाची तयारी ठेवा. ट्रॅक्टरवाल्याने गाणी इतक्या जोरात लावलेली असतात की हॉर्न वाजवून फक्त आपलंच समाधान होतं.

अनिका मागच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसली होती. एका ठिकाणी तिने बोट ठेवून विचारलं, "इथे उंच पीक दाखवलंय. बाहेर तर मोकळं रान दिसतंय."

"तोड आली," नंदन मराठीतच म्हणाला आणि त्याला घाम फुटला. कारखान्याची टोळी आली की उभा ऊस दोन दिवसांत नाहीसा होतो आणि त्याबरोबर नकाशाचा एक तुकडाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिच्या देशात जंगल वाढायला माणसाचं आयुष्य लागतं. तिने मान हलवली, पण काहीतरी लिहून घेतलं.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. वेशीवर मोठा फ्लेक्स होता, "आंतरराष्ट्रीय धावपटूंचे सहर्ष स्वागत". त्यावर सरपंच आप्पा, त्यांचे दोन भाऊ, सोसायटीचे संचालक आणि मधोमध एक सोनेरी केसांची हसरी बाई. ती अनिका नव्हती.

"बाईंचा फोटू मिळाला न्हाई वेळंवर," आप्पा म्हणाले, "मग इंटरनेटवरनं त्याच्यातल्या त्याच्यात जवळची बघून टाकली."

अनिकाने त्या फ्लेक्ससमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. तिथून पुढे मला ती आवडायला लागली.

माळ खरंच सुंदर आहे. वाळलेलं पिवळं गवत, मध्येच खोल घळी, पाणी अडवायला खणलेले समतल चर, बाभळीची बेटं आणि लांबवर मेंढरांचे ठिपके. आम्हाला तो आबांनी दाखवला. आबा धनगर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ भटकायचे. आता घराला स्लॅब आहे, विहिरीला मोटर आहे, आणि थोडी मेंढरं सवय म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी शर्यत होती. पुण्याहून कॉलेजची मुलं-मुली पळायला येणार होती आणि अनिका स्वतःही पळणार होती. म्हणून त्या संध्याकाळी नंदन आणि मी पांढरी-केशरी कापडी निशाणं लावत फिरलो. एक घळीच्या तळाशी, एक बाभळीच्या मागे, एक पडक्या तालीच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, आडोशाला. निशाण सहज दिसलं तर खेळ कसला? आबा धोतराचा सोगा धरून मागे मागे येत होते. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, दमले असतील.

मुक्काम दौंडला स्टेशनजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीने. रात्रभर गाड्यांच्या घोषणा फुकट.

सकाळी स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडायचं होतं. गावाने आधी प्रत्येकाला फेटा बांधायचा ठरवलं होतं. नारळही होते. फेटे बांधणारा माणूस एकच, त्यामुळे ठरावीक अंतर म्हणजे काय ते त्यानेच ठरवलं. शेवटी फेटा बांधलेली पहिली मुलगी घळीकडे पळाली, खाली उतरली, वर आली, परत उतरली. निशाण नव्हतं. नंदन पांढराफटक पडला. एवढ्यात लांबून एका बाईने ओरडून सांगितलं, "आवो ताई, तिकडं नगं! तिकडं काटं हायती! तुमचं निशाण हिकडं लिंबाखाली हाय!"

आणि मग मला माळभर दिसायला लागलं. प्रत्येक लिंबाच्या, प्रत्येक चिंचेच्या सावलीत एक पांढरं-केशरी निशाण, त्याच्या शेजारी पाण्याची कळशी, आणि शेजारी एक माणूस, हात हलवून बोलावणारा. कुणी चुकीच्या वाटेला लागला की तिघं-चौघं धावत जाऊन त्याला हाताला धरून आणत. एका मुलाला तर मोटरसायकलवर मागे बसवून निशाणापाशी सोडलं. त्याने कळवळून सांगितलं की मी बाद होईन. "बाद कसा होशील? म्या हाय ना," मोटरसायकलवाला म्हणाला.

नंदन आबांवर ओरडला. मी त्याला असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. "आबा, निशाणं कुणी हलवली?"

"आम्हीच," आबा शांतपणे म्हणाले. "काल तुम्ही घाईघाईत कुठंबी टाकून गेला. एक घळीत, एक काट्यात. म्या मागं बघत हुतो, पर तुमाला बोलाया बरं वाटंना. पाव्हणी बाई सातासमुद्रापल्याडनं आली, आन् तिचा पाय मोडला म्हंजी? मग सगळ्यांनी मिळून सावलीला घेतली."

नंदन ताठ उभा राहिला आणि मग दगडावर बसला.

अनिका सगळ्यात शेवटी आली. फेटा सुटून गळ्यात आला होता आणि दोन्ही मुठींत हुरडा होता. ती भाजलेली कणसं चोळून देणाऱ्या आजींपाशीच रमली होती. दुपारी आबांच्या अंगणात बाजरीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत खाताना तिने निकाल सांगितला. नकाशा उत्तम. अशी जमीन युरोपबाहेर तिने क्वचितच पाहिली. स्पर्धा इथे व्हावी असं ती कळवेल. अट एकच. त्या दिवशी माळावर गावातलं कुणीही असता कामा नये. "आमच्याकडे रानात कुणी भेटलंच, तर तो मान वळवून पुढे जातो," ती म्हणाली. "तुमचा आदर म्हणून तो तसं करतो." हे ती तिसरी भाकरी खाताना म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

नंदनने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. मलाही आनंद झाला, खूप झाला. मग लक्षात आलं की दुभाषी मी, तेव्हा हे आबांना मलाच मराठीत सांगावं लागणार, आणि मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

देवळात माणसं जमली. मी जमेल तितकं गोड करून सांगितलं. पळणाऱ्याला वाट चुकू द्यायची. तहान लागली तरी पाणी द्यायचं नाही, त्याची सोय स्पर्धेची माणसं करतील. काही म्हणजे काही सांगायचं नाही.

"मेंढरं एक दिस दुसरीकडं न्हेऊ, त्याचं काय न्हाई," आबा म्हणाले. "पर माणूस डोळ्यांदेखत चुकतोय आन् आपुन तोंड शिवून बसायचं, हे काय जमायचं न्हाई बगा. येकाद्याचा जीव जाईल त्यात."

"मग स्पर्धा होणार नाही, आबा," नंदन म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. हा पोरगा दोन हिवाळे त्यांच्याच अंगणात जेवला होता. "व्हणार की," ते म्हणाले. "आम्ही इथं ऱ्हातच न्हाई त्या दिवशी. दिसलंच न्हाई तर बोलायचं कशाला?"

आप्पांना ही कल्पना एकदम पसंत पडली. अख्ख्या गावाची सहल काढायची, गाड्या सांगायच्या, वढू बुद्रुकला समाधीचं दर्शन घेऊन संध्याकाळी परत. फ्लेक्स मात्र वेशीवर राहील, तेवढी परवानगी घ्या म्हणाले. म्हणजे ठरलं असं की गाव आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं यजमानपद भूषवणार, आणि यजमान घरी नसणार. अनिकाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फार समजूतदार लोक आहेत." नंदनने तिच्याकडे नाही, जमिनीकडे पाहिलं.

येताना चौफुल्याला जेवलो. थाळी चांगली असते म्हणतात, मला चव कळली नाही. जायचं असेल तर हिवाळ्यात जा, पायात घट्ट बूट घाला, पाणी जवळ ठेवायची गरज नाही.

घरी येऊन आठवडा झाला. मंजुरी आली आहे. नंदनने नातेवाइकांच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला आणि मी त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकलं. मला त्याच्यासाठी बरं वाटतं आणि त्या गावासाठी वाईट वाटतं, आणि दोन्हींची बेरीज काही जमत नाही. काल आबांचा फोन आला.

"ताई, त्या दिशी गावात कुणीच न्हाई. मग पाव्हण्यांच्या च्याचं काय? पळून आल्यावर तरी चालतो ना च्या?"

पळून झाल्यावर चालतो, मी म्हटलं. मी करीन, आबा. मी तिथेच असेन.

"व्हय? मग चूल आमचीच घ्या. दार उघडंच ठिवतो. पर तुमाला घर घावंल का एकटीला?"

सापडेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तोवर आबांनी सुरुवात केली होती. देवळापासनं डावीकडं, मग हातपंप, मग दोन चिंचा सोडून खालच्या अंगाला. मी त्यांना शेवटपर्यंत सांगू दिलं.